घरातला कोळी : मारावा की राखावा?

घरात आढळलेला कोळी मारावा की राखावा, हा प्रश्न वरवर पाहता इतका क्षुल्लक आहे की त्यावर लेखणी उचलणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कुणीही म्हणावे. परंतु वर्षातून निदान दोन वेळा, महालक्ष्म्या बसण्याआधी आणि दिवाळीच्या तोंडावर, विदर्भातील जवळजवळ प्रत्येक घर या प्रश्नाचा फैसला काठीला बांधलेल्या झाडूने करून मोकळे होते, आणि ज्या प्रश्नाचा फैसला घरोघर विचारावाचून होतो तो एकदा विचारपूर्वक तपासून पाहणे निरर्थक खचित नाही. या लेखात त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, त्यांना आधारभूत असलेले जुने व नवे ज्ञान, आणि त्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष यांचा क्रमाने आढावा घ्यावयाचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी येथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे येतो. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे जंक्शन. येथूनच वणी आणि आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. आणि आसमंतात तेलवासा, ढोरवासा, कुनाडा अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कोळसाखाणी पसरलेल्या आहेत. १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून येथील कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे गेला. खाणी उघड्या, कोळशाच्या गाड्यांची वर्दळ अखंड, त्यामुळे घर कवेलूचे असो की खाणकामगारांच्या वसाहतीतील क्वार्टर असो, त्यात कोळशाची भुकटी येणार हे ठरलेलेच. आता कोळ्याचे जाळे पाहा. स्वच्छ हवेच्या गावी छताच्या कोपऱ्यातले जाळे आठवडेच्या आठवडे कुणाच्या दृष्टीस पडत नाही, कारण त्याचा तंतू अत्यंत बारीक व जवळजवळ पारदर्शक असतो. माजरीत मात्र थोड्याच दिवसांत त्यावर काळी धूळ चढते, तंतू जाडसर होऊन पंख्याच्या वाऱ्याने लोंबू लागतात, आणि खालून पाहणाऱ्या गृहिणीला वाटते की भिंत मळवली ती या कोळ्याने. वस्तुतः धुळीने भरलेले जाळे कोळ्याच्याही कामाचे राहत नाही. ते टाकून तो शेजारी दुसरे विणतो, आणि लोंबणारे जळमट हे बहुधा त्याने सोडून दिलेले घर असते. धूळ खाणीची, शिक्षा कोळ्याला! हा दाखला मुद्दाम आरंभी दिला, कारण पुढील सर्व विवेचनाचे सूत्र त्यात आहे : कोळ्यावर ठेवले जाणारे बहुतेक आरोप दुसऱ्याच कुणाच्या अपराधाचे असतात, आणि प्रत्येक आरोपाची रुजवात घेतली असता मूळ आरोपी निराळा सापडतो.

प्रथम ज्याच्याविषयी बोलावयाचे तो कोण, हे निश्चित केले पाहिजे. कोळी हा कीटक नव्हे. त्याला पाय आठ, शरीराचे भाग दोन, पंख व मिशा मुळीच नाहीत, आणि नात्याने तो विंचू व गोचीड यांचा भाऊबंद आहे. जगातील कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींचा आकडा २०२२ साली ५०,००० च्या पुढे गेला; भारतात सुमारे १,९०० जाती माहीत आहेत. यांपैकी बहुसंख्य जाती रानावनातल्या. ताडोबाच्या अरण्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाटेवर आडवी पसरलेली प्रचंड जाळी आणि त्यांत मधोमध बसलेली राक्षसी वनकोळ्याची मादी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या वैभवाची कल्पना येईल. माणसाच्या घरात कायम वस्ती करणाऱ्या जाती मात्र थोड्या, आणि आपल्या घरात नित्य भेटणारे कोळी ढोबळमानाने तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार लांब काडीसारख्या पायांचा. न्हाणीघर, जिन्याखालची जागा, कपाटामागचा कोपरा येथे विस्कळीत जाळ्यात तो उलटा लटकलेला असतो, आणि जाळ्याला बोट लागताच सर्वांगाने इतक्या वेगाने हलू लागतो की त्याची आकृतीच दिसेनाशी होते. यातील आपल्याकडे अतिपरिचित जातीला क्रॉसोप्रायझा लायोनी म्हणतात. ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकाने १८६७ साली भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. तिची मादी अंड्यांचा पुंजका विरळ तंतूंत गुंडाळून तोंडात धरून वावरते. दुसरा प्रकार म्हणजे भिंतीवरचा मोठा, चपटा, तपकिरी कोळी, हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. हा जाळे विणीतच नाही. दिवसा तो भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेच्या किंवा तसबिरीच्या मागे अंग चोरून असतो व रात्री शिकारीला निघतो. पाय पसरले म्हणजे तो तळहाताएवढा भरतो, आणि घरातील बहुतेक किंकाळ्यांचा धनी हाच असतो. मादी असेल आणि नीट पाहण्याचा धीर केला, तर तिच्या पोटाखाली रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी, फिक्या रंगाची पिशवी आढळते. ती अंड्यांची पिशवी. शेकडो अंडी असलेली ती पिशवी घेऊन ती आठवडेच्या आठवडे फिरते, त्या काळात क्वचितच काही खाते, आणि जीव धोक्यात आला तरी ती सहसा सोडीत नाही. तिसरा प्रकार खिडकीच्या चौकटीवर व भिंतीवर उन्हाच्या वेळी टुणटुण उड्या मारणारा, नखाएवढा, समोर दोन टपोरे डोळे असलेला आणि माणसाने बोट पुढे केले तर वळून पाहणारा कोळी. माशी टिपण्यात याचा हातखंडा आहे.

या प्राण्याचा आपल्या देशातील शास्त्रीय अभ्यास नवा नाही. भारतीय कोळ्यांवरील पोकॉक यांचा ग्रंथ १९०० साली सरकारी प्राणिसूचीच्या मालेत निघाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे पुढे संचालक झालेले डॉ. टिकादर यांनी अनेक वर्षे पुण्यात राहून कोळ्यांचा अभ्यास केला व १९८७ साली त्यांचा भारतीय कोळ्यांवरील हस्तग्रंथ सिद्ध झाला. आणि आपल्या विदर्भातच अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर येथे महाविद्यालयाच्या आश्रयाने केवळ कोळ्यांना वाहिलेली प्रयोगशाळा चालते. ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली आयसियस तुकारामी असे नाव देण्यात आले, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हौतात्म्य पत्करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ज्या प्राण्याला एका वीराचे नाव देण्यात अभ्यासकांना गौरव वाटतो, त्याच्याविषयी सामान्य घरात तिरस्काराखेरीज काही नसावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

परंपरेचा कौल पाहू गेले तर तो एकमुखी नाही. मुंडकोपनिषदाने अक्षरतत्त्वापासून विश्व कसे उद्भवते हे सांगताना तंतू बाहेर काढणाऱ्या व परत आत घेणाऱ्या कोळ्याचा दृष्टान्त घेतला. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत कोळ्याची गणना केली, आणि एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेच्या द्वारे तो गुरू मराठी घरांत पोहोचला. माजरीच्या वसाहतीत तेलंगणातून आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या घरी श्रीकाळहस्तीची कथा सर्वांना ठाऊक असते, जिच्यात शिवलिंगावर जाळे विणून छाया धरणारा कोळी, नाग व हत्ती यांच्या बरोबरीने मुक्तीला पात्र ठरतो. तालुक्याचे ठाणे असलेल्या भद्रावतीस पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन क्षेत्र आहे. तेथे येणारा श्रद्धाळू यात्रेकरू कोळ्याला जाणूनबुजून चिरडणार नाही. तेथीलच विजासनची बौद्ध लेणी याच करुणाविचाराची दुसरी साक्ष देतात. उलट बाजूस, जळमटे असलेल्या घरात लक्ष्मी येत नाही ही समजूत तितकीच दृढ आहे, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून आपण त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करतो. मात्र बारकाईने पाहिले तर या दोन प्रवाहांत खरा विरोध नाही : लक्ष्मीला नको आहे ते जाळे, आणि उपनिषदाला व अवधूताला प्रिय आहे तो कोळी.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप अंगावर उठणाऱ्या फोडांचा. झोपेतून उठल्यावर मानेवर किंवा कुशीवर लाल पट्टा, त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड व आग दिसली की ‘कोळी मुतला’ किंवा ‘कोळी चिरडला गेला’ असे निदान घरातल्या घरात केले जाते. उत्तरेकडून खाणीत कामाला आलेल्या लोकांतही हीच समजूत मकडीच्या नावाने आढळते. हिची पाळेमुळे फार जुनी असावीत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगितले असून त्यांपैकी आठ कष्टसाध्य व आठ असाध्य मानले आहेत. वसिष्ठ मुनींच्या क्रोधाने कपाळावर आलेला घाम कापलेल्या गवतावर पडून त्यांची उत्पत्ती झाल्याची कथा तेथे आहे. आणि त्यांच्या विषाची स्थाने म्हणून दाढांबरोबर लाळ, नखे, मूत्र, विष्ठा इत्यादींचीही गणना आहे. त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी त्वचेचे अनेक विकार एका प्राण्याच्या माथी मारले गेले असतील तर त्यात प्राचीन वैद्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. आज मात्र खरे कारण ठाऊक आहे. पावसाळ्यात दिव्याकडे झेपावणारा, तांबूस व काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा एक बारीक भुंगा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे द्रव्य त्वचेला लागते व जेथे बोट फिरले तेथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठणारे व भयंकर ठणकणारे फोड हे तर पुष्कळदा नागिणीचे असतात, आणि नागीण हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांच्याच विषाणूचा पुनरुद्भव आहे. तिच्यावरील औषध आरंभीच्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते. म्हणून कोळ्यावर ठपका ठेवून लेप लावीत बसण्यात जातात ते दिवस रोग्याच्या तोट्याचे असतात.

दुसरा आरोप विषाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते हे खरे. परंतु ते माशीच्या मापाचे असते, माणसाच्या नव्हे. पन्नास हजारांहून अधिक जातींपैकी माणसाला खरा अपाय करू शकणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा थोड्या वंशांत सामावलेल्या आहेत. त्यांतील लॅट्रोडेक्टस व लोक्सोसेलीस या वंशांच्या नोंदी भारतातही आहेत, म्हणून धोका शून्य आहे असे म्हणता येणार नाही; पण अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका राहत्या घरात २००१ साली सहा महिन्यांत लोक्सोसेलीस वंशाचे २,०५५ कोळी पकडले गेले आणि वर्षानुवर्षे त्या घरात राहणाऱ्या कुटुंबात एकालाही विषबाधा झाली नव्हती, ही शास्त्रीय नियतकालिकात नोंदलेली वस्तुस्थिती पुष्कळ बोलकी आहे. आपल्या घरातील लांबपाय्या कोळ्याच्या दंशाने माणूस आजारी पडल्याची विश्वासार्ह नोंद नाही; भिंतीवरचा मोठा कोळी हाताने दाबला तर चावतो व वेदना होतात, पण त्या स्थानिक असतात व शमतात. भीतीचा परिणाम विषाहून भयंकर कसा होतो याचे उदाहरण आसामने दिले : २०१२ साली तिनसुकिया जिल्ह्यातील सदिया भागात कोळ्यांच्या दंशाने दोघे दगावल्याची बातमी देशभर पसरली, पुढे कळले की रोग्यांना आधी मांत्रिकाकडे नेऊन जखमा पात्याने कापल्या गेल्या होत्या, आणि मृत्यू विषाने झाला की उपचाराने, याचा निर्णय लागलाच नाही.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहावा. २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने भारतात सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री चावणारी मण्यार हे खरेखुरे संकट आहे. कोळ्याचा भाऊबंद विंचूही तसाच, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत कोकणात लाल विंचवाने कित्येक मुलांचे बळी घेतले. विषाच्या भयाने सावध राहावयाचे असेल तर ते सावधपण अंथरुण झटकणे, पायताण उलटे करून पाहणे, मच्छरदाणी गादीखाली खोचणे आणि सरपणाच्या ढिगात अंधारात हात न घालणे यांत खर्च व्हावे. चप्पल घेऊन भिंतीवरच्या कोळ्याच्या पाठीस लागणारा माणूस सावध नसतो. तो केवळ घाबरलेला असतो.

घाबरण्याची ही गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. काही माणसांना कोळी दिसताच घाम फुटतो, छाती धडधडते, त्या खोलीत पाऊल घालवत नाही. ही भित्रेपणाची नव्हे तर मानसोपचाराच्या कक्षेतील बाब आहे, आणि क्रमाक्रमाने परिचय वाढवीत नेण्याच्या उपचाराने ती पुष्कळांच्या बाबतीत आटोक्यात येते. अशा माणसावर ‘कोळी राखा’ हे तत्त्व लादणे निर्दयपणाचे होईल. त्याच्या खोलीतला कोळी घरच्या दुसऱ्या माणसाने उचलून न्यावा, एवढेच. पण मुलांच्या बाबतीत बहुधा असे आढळते की भीती उपजत असण्यापेक्षा घरातील मोठ्यांच्या किंकाळीतून उचललेली असते.

तिसरा आरोप घाणीचा व रोगराईचा. घरातील कोळी माणसाला कोणताही रोग पोहोचवीत नाही. तो अन्नावर बसत नाही, उकिरड्यावरून उठून ताटात येत नाही, रक्त शोषीत नाही. हे सर्व उद्योग माशी, झुरळ व डास यांचे आहेत, आणि कोळी त्यांच्याच मागावर घरात शिरलेला असतो. ज्या घरात कोळी फार, त्या घरात किडे फार, एवढाच त्याचा अर्थ. आणि असे असताना कोळी मारणे म्हणजे चोरांचा बंदोबस्त राहू देऊन चौकीदाराला बडतर्फ करणे होय. उत्तर कॅरोलिनातील रॅले या शहरी ५० घरांची कसून तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि ५० च्या ५० घरांत कोळी सापडले. घर नीटनेटके असले म्हणजे कोळी नसतो, ही समजूतच त्यामुळे निकालात निघाली.

आता जमेची बाजू. जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज नायफेलर व बिर्कहोफर यांनी २०१७ साली मांडला; त्यातील फार मोठा हिस्सा जंगल व गवताळ प्रदेशांतला आहे, घरातला नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. घरापुरते पाहावयाचे तर थायलंडमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपला तोच लांबपाय्या क्रॉसोप्रायझा डेंग्यू पसरविणाऱ्या डासांचा भक्षक म्हणून नोंदला गेला. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात तर रक्त प्यालेल्या डासांनाच पसंती देणारा उड्या मारणारा कोळी आढळला आहे. मोठा भिंतकोळी झुरळांचा वैरी आहे, हे रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. शेतात तर त्याचे मोल अधिकच स्पष्ट दिसते. सिंदेवाहीसारख्या संशोधन केंद्राच्या परिसरातील धानशेतकऱ्याला तपकिरी तुडतुडे म्हणजे काय हे सांगणे न लगे; या तुडतुड्यांना आवर घालणाऱ्यांत धानाच्या बुडख्याशी फिरणारे लांडगा-कोळी अग्रगण्य आहेत. इंडोनेशियात सत्तरीच्या दशकात अंदाधुंद फवारणीने कोळी व इतर भक्षक मेले, तुडतुडे मात्र माजले, आणि अखेर १९८६ साली तेथील सरकारला हुकूम काढून भातावरील ५७ कीटकनाशकांना बंदी करावी लागली. शेतात ज्याला मित्र म्हणावयाचे त्याला उंबरठ्याच्या आत वैरी ठरविण्यास कारण दिसत नाही.

परंतु पक्ष कितीही बळकट असला तरी तो फुगवून मांडणे हा अप्रामाणिकपणा होय. कोळी निवडून उपद्रवीच किडे खात नाही. जाळ्यात पडेल ते, मग ती मधमाशी असो की दुसरा कोळी असो, तो खातो. चार कोळी पाळल्याने घर डासमुक्त होणार नाही, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षे सापडत आला आहे, तेथे कोळ्यावर भरवसा ठेवून मच्छरदाणी दूर सारणे हा आत्मघात ठरेल. त्याच न्यायाने, हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय योजना १९५३ साली सुरू झाल्यापासून घरोघर भिंतींवर औषध फवारण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो आल्या कर्मचाऱ्यास करू द्यावा, आणि फवारल्यावर भिंत लगेच सारवून औषधाचा अंमल घालवू नये. त्यात घरातले कोळी मेले तरी तो तोटा माणसाच्या जिवापुढे नगण्य आहे. निषेध आहे तो केवळ कोळी दिसला म्हणून दुकानातून आणलेला डबा खोलीभर फवारण्याचा. जाळ्यात उंच लटकलेल्या कोळ्यापर्यंत ते औषध पुरते पोहोचत नाही, पण अंथरुणावर, पाळण्यावर व उघड्या अन्नावर मात्र ते बसते.

राहता राहिला नीतीचा मुद्दा. कोळ्याला वेदना होतात की नाही, याचा अंतिम निर्णय शास्त्राने दिलेला नाही. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या विश्रांतीत सस्तन प्राण्यांच्या स्वप्नावस्थेसारखी डोळ्यांची हालचाल दिसून आली, तेव्हा त्याला निव्वळ चालते यंत्र म्हणण्याचा आत्मविश्वास आता कुणी दाखवू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी या संज्ञेखाली मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो. कोळी मारल्याबद्दल कुणावर खटला भरल्याचे ऐकिवात नाही व भरला जावा अशी अपेक्षाही नाही. पण विनाकारण इजा करू नये हे जे त्या कायद्यामागचे तत्त्व, त्याची हद्द पायांच्या संख्येवरून आखता येत नाही. वाघ आणि माणूस यांनी शेजारी कसे राहावे हा ज्या जिल्ह्यापुढचा नित्याचा व कधी रक्तरंजित होणारा प्रश्न आहे, त्या जिल्ह्यातील माणसाला कोळ्याशी सहवास साधणे खरोखर कठीण जाऊ नये. तेथे संकट खरे आहे, येथे ते बहुतांशी मानलेले आहे.

व्यवहार असा ठेवावा. जाळी वेळच्या वेळी काढावी, विशेषतः स्वयंपाकघर, विजेचा मीटर, पंखा व पाळण्यावरील छत येथली. कोळी पळून दुसरीकडे गेला तर जाऊ द्यावा. नको त्या ठिकाणी कोळी बसला असेल तर त्यावर रुंद तोंडाचा पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्यास उचलून न्यावे. नेऊन कोठे सोडावे, यालाही महत्त्व आहे. घरात वाढलेला कोळी बाहेरच्या उघड्या अंगणात टिकेलच असे नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना चंद्रपूरच्या उन्हात त्याला सोडणे म्हणजे दया दाखवून मारणे. म्हणून तो गोठा, न्हाणीघर, सरपणाची खोली किंवा पडवीचा सावलीचा कोपरा येथे सोडावा. ज्याला कोळी कमी हवे असतील त्याने किडे कमी करावेत : दाराबाहेरचा पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळा लावावा, खिडक्यांना जाळी बसवावी, दाराखालची फट बुजवावी, खरकटे रात्रभर राहू देऊ नये. कोळी चावल्याची शंका आली तर जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. घाम, पोटात पेटके, ताप, किंवा जखम काळी पडून पसरत जाणे यांपैकी काहीही दिसले तर ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि शक्य झाल्यास तो प्राणी मेलेला का होईना, बरोबर न्यावा. जखमेवर कोळिष्टक दाबून रक्त थांबविण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. धूळभरल्या जाळ्याने रक्ताबरोबर धनुर्वातालाही वाट मिळू शकते.

सारांश, मारण्याच्या बाजूने पुढे केली जाणारी कारणे एकेक तपासली असता धूळ खाणीची निघते, फोड भुंग्याचे व विषाणूचे निघतात, विषाचे भय सापविंचवाचे निघते आणि रोगराई माशी, झुरळ व डासांची निघते. राखण्याच्या बाजूने उपकार माफक पण खरे आहेत, आणि खर्च काहीच नाही. म्हणून ओळखीचा, निरुपद्रवी कोळी जेथे आहे तेथे राहू द्यावा; अडचणीच्या जागेतला किंवा अनोळखी असेल तर पेला-कागदाने उचलून सावलीच्या आडोशाला न्यावा; आणि तान्ह्या मुलाच्या अंथरुणात शिरलेला, पकडता न येणारा, धोक्याचा वाटणारा एखादा मारावा लागला तर त्याची खंत बाळगू नये, पण त्या अपवादाची वहिवाटही पाडू नये.